आयता रेणू पुन्हा कशासाठी घडवायचा?

महोदय,

निसर्गात आयते मिळणारे संयुग प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे खपून पुन्हा कशासाठी घडवायचे, हा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. चाळीस टप्प्यांच्या संश्लेषणात प्रत्येक टप्प्याला ९० टक्के उत्पादन मिळाले (आणि हे भाग्य क्वचितच लाभते), तरी शेवटी हाती जेमतेम दीड टक्का उरतो. टॅक्सॉल या कर्करोगावरील औषधाचे संपूर्ण संश्लेषण (साध्या रसायनांपासून सगळा रेणू घडवणे) १९९४ मध्ये जाहीर झाले. मात्र औषधनिर्मितीत उपयोगी पडला तो यू वृक्षाच्या पानांतून मिळणाऱ्या तयार सांगाड्याला बाजूची साखळी जोडण्याचा अर्धसंश्लेषणाचा मार्ग.

तरीही, एवढ्यावरून हा खटाटोप व्यर्थ ठरवणे मला पटत नाही. सागरी स्पंजात अत्यल्प प्रमाणात आढळणाऱ्या हॅलिकॉन्ड्रिन बी या प्रचंड रेणूचे संश्लेषण रसायनशास्त्रज्ञ योशितो किशी यांच्या गटाने १९९२ मध्ये केले, त्यातून हाती आलेल्या तुकड्यांची चाचणी घेताना रेणूचा उजवा अर्धा भागच कर्करोगपेशींवर प्रभावी असल्याचे दिसले, आणि त्यावर बेतलेले एरिब्युलिन हे पूर्णतः कृत्रिम औषध २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. स्पंज खरवडून हे कधीच साधले नसते. बी-१२ जीवनसत्त्वाच्या संश्लेषणात रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वुडवर्ड यांना पडलेल्या एका कोड्यातूनच रोआल्ड हॉफमन यांच्यासह मांडलेले कक्षक-सममितीचे नियम (इलेक्ट्रॉनांच्या कक्षकांच्या सममितीवरून अभिक्रिया कोणत्या वाटेने जाईल हे सांगणारे) १९६५ मध्ये पुढे आले. ते आज प्रत्येक रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकावे लागतात.

— एक वाचक