गोल्फ शिकायला पुण्यात सार्वजनिक जागा हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत निवृत्तीनंतर काय करावं यावर लेख होता. हास्यक्लब, बागकाम, नातवंडं, तीर्थयात्रा, झालंच तर सुडोकू. लेख चांगला होता, पण त्या यादीत एकही गोष्ट अशी नव्हती जिच्यात माणूस नापास होऊ शकतो. मी एका विमा कंपनीच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. जन्मभर आकडे जुळवले. मला नापास होण्याची सोय असलेलं काहीतरी हवं होतं, म्हणून मी गोल्फ शिकायला घेतला.

कर्वेनगरात असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग किंमत विचारतात. माझे थोरले दीर सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झाले. त्यांची पाहुणी म्हणून मला लष्कराच्या एका कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, खेळता येतं. क्लबांचा, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांचा, सेट जुना आहे, एका बाईंनी वापरून सोडलेला, आणि तोही अर्धाच. नियमाप्रमाणे बॅगेत १४ क्लब ठेवता येतात, मला सात पुरतात. तीन-चार नंबरच्या आयर्नच्या, म्हणजे मारायला अवघड लांब लोखंडी क्लबांच्या, वाटेला माझ्या वयाच्या बाईने जाऊच नये. त्याऐवजी मारायला सोपा हायब्रिड क्लब घ्यावा, शाफ्ट म्हणजे दांडा ग्रॅफाइटचा, हलका आणि लवचिक. फिजिओथेरपिस्टला कंबर आणि गुडघे दाखवूनच सुरुवात करावी, हेही सांगून ठेवते.

हा खेळ उतारवयात खरोखर शिकता येतो, याचं कारण त्याच्या हिशेबात आहे. दोनशे यार्डांचा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब टोला, हा एक फटका आणि दोन फुटांवरचा पट, म्हणजे चेंडू होलमध्ये हलकेच ढकलणं, हाही एकच फटका. पार, म्हणजे अपेक्षित फटके, ७२ असलेल्या कोर्सवर प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६, बरोबर निम्मे. एवढा मोठा खर्च जिथे होतो, तिथे कोणताही हिशेबनीस आधी बघेल. तिथे ताकद लागत नाही. आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरून टोकाला आमटीची वाटी आडवी ठेवते आणि रोज रात्री जेवणानंतर तिच्यात चेंडू घालत बसते. खऱ्या होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, वाटीचं तोंड त्याहून लहान, त्यामुळे सवय कडक लागते. आमचे हे क्रिकेट बघतात. चेंडू वाटीला लागून टण्ण आवाज झाला की न बघताच 'आउट' म्हणतात.

हॅंडिकॅपची, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची, पद्धत तर मी कार्यालयात बसवावी इतकी सरळ आहे. २०२० पासून जगासाठी एकच पद्धत आली. शेवटच्या २० फेऱ्यांच्या कार्डांतली सर्वांत चांगली ८ घ्यायची, कोर्स सोपा की अवघड ते धरून त्यांची सरासरी काढायची. कमाल मर्यादा ५४, बाई असो वा पुरुष. माझा अजून चाळिशीच्या वर आहे, भाऊजींचा सोळा. फरकाचे फटके मला मिळतात, मी पुढच्या टीवरून, म्हणजे होलच्या जवळच्या सुरुवातीच्या जागेवरून, मारते आणि आमची लढत अगदी बरोबरीची होते. ते हरले की म्हणतात, 'वहिनींनी कागदावर जिंकलं.' म्हणू देत. माझा सगळा जन्म कागदावरच गेला.

शिवाय इथे पंच बरोबर फिरत नसतो. झुडपामागे आपल्या धक्क्याने चेंडू जरासा हलला तर दंड आपणच सांगायचा, आणि शेवटी कार्ड तपासून सही करायची. १९६८ च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे व्हिसेन्झोने सतराव्या होलवर तीन फटके घेतले होते. कार्ड लिहिणाऱ्या जोडीदाराने चार लिहिले आणि याने न तपासता सही केली. जास्तीचा आकडा लिहून सही झाली तर तोच कायम राहतो. एका फटक्याने त्याची प्ले-ऑफची, म्हणजे बरोबरी सोडवणाऱ्या जादा लढतीची, संधी गेली, तीही पंचेचाळिसाव्या वाढदिवशी. आमच्या विभागातल्या नव्या मुलांना सांगायला ही गोष्ट मला तेव्हा माहीत असायला हवी होती.

तब्येतीचं म्हणाल, तर कोर्सवरची गाडी न घेता १८ होल चालले की आठ-दहा किलोमीटर सहज होतात. स्वीडनमध्ये तीन लाख गोल्फ खेळणाऱ्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचं मृत्यूचं प्रमाण त्याच वयाच्या आणि आर्थिक स्तराच्या इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी दिसलं. मला त्यावर फार विसंबायचं नाही. धडधाकट माणूसच मुळात खेळायला जातो, हे त्यात किती मिसळलं असेल कोण जाणे. उन्हाळ्यात साडेसहाला टी-ऑफ, म्हणजे पहिला फटका, केलं नाही तर पुण्यातसुद्धा जीव नकोसा होतो, हे मात्र स्वानुभवाचं. जुलैत चेंडू स्वतःच्याच खळग्यात चिखलात रुतून बसतो, पण फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर, तो विनादंड उचलून शेजारी ड्रॉप करता येतो.

आता मुद्द्याचं. मला शिकवलं ते कोर्सवरच्या कॅडीने. चाळिशीचा गृहस्थ, लहानपणापासून बॅगा उचलतोय. 'काकू, मान वर करू नका, चेंडू कुठं जातो ते मी बघतो,' एवढ्या एका वाक्यात माझे निम्मे दोष गेले. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, तो उकिडवा बसतो, उतार बघतो आणि 'डावीकडं एक कप द्या', म्हणजे होलच्या रुंदीएवढं डावीकडे मारा, असं म्हणतो, आणि चेंडू तिथूनच वळतो. सोमवारी कोर्स बंद असतो तेव्हा कॅडींना खेळू देतात. भाऊजी सांगतात, तो त्यांना सहज हरवेल. त्याच्या मुलाने मात्र शिकायचं तर कुठे? आणि ज्या निवृत्त बाईचे दीर कर्नल नाहीत तिने?

येरवड्यात चौकाला गोल्फचं नाव आहे, बसथांबा आहे. पुण्यात क्लबचा कोर्स आहे, लष्कराचे आहेत, शहराबाहेर रिसॉर्टचा आहे. कोणीही तिकीट काढून आत जावं असा महापालिकेचा एकही नाही. दिल्लीत डीडीएचा, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाचा, कुतुब गोल्फ कोर्स २००० सालापासून सर्वांसाठी खुला आहे. इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा १९९१ आणि १९९३ मध्ये जिंकणारा अली शेर दिल्लीत कॅडी होता. २०१६ आणि २०१७ मध्ये तीच स्पर्धा जिंकणाऱ्या एसएसपी चौरासियाचे वडील कोलकात्यात ग्रीनची देखभाल करत. या दोघांना कोर्स गाठायला ओळख लागली नाही, कारण त्यांची रोजीरोटीच तिथे होती. पुण्याचा गोल्फपटू उदयन माने टोकियो ऑलिंपिकला जाऊन आला, त्यानंतर तरी कोणाला हा विषय सुचायला हवा होता.

मी अठरा होल मागत नाही. पाणीकपातीच्या शहरात तेवढी हिरवळ मागायला मला लाज वाटेल. टेनिस कोर्टाएवढ्या जागेत पटिंग ग्रीन होतं, त्याला प्रक्रिया केलेलं सांडपाणी द्यावं. ड्राइव्हसाठी गवत लागतच नाही. मॅटवर उभं राहून जाळीत मारता येतं. बालेवाडीची शिवछत्रपती क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी सरकारी खर्चाने उभी राहिली. तिथे एक कोपरा किंवा महापालिकेच्या एखाद्या मैदानाची कड पुरेल. आठ-दहा मॅट, भाड्याने क्लब, सकाळी दोन तास ज्येष्ठांना आणि संध्याकाळी मुलांना. शिकवायला कॅडी आहेतच, त्यांना तासाचे पैसे द्यावेत. बॅग उचलण्यापेक्षा ते बरे मिळावेत, एवढी माझी अट.

'श्रीमंतांच्या खेळावर करदात्यांचा पैसा कशाला' असं पत्र पुढच्या आठवड्यात येईल, हे मला दिसतंय. त्या वाचकांना आधीच सांगते, जागा फक्त क्लबांकडेच ठेवली तर खेळ श्रीमंतांचाच राहणार. तरणतलावही एके काळी साहेबांचेच होते. आज महापालिकेच्या तलावावर सकाळी साडेपाचला रांग लागते आणि तिथे कोणी कोणाला ओळख विचारत नाही.

आपली,
एक निवृत्त लेखा अधिकारी,
कर्वेनगर, पुणे

ता. क. पत्र छापल्यास कृपया नाव देऊ नये. भाऊजींनी हे वाचलेलं नाही आणि शनिवारी मला त्यांच्याच गाडीतून कोर्सवर जायचं आहे.