करिपूरच्या मंडळींना, फार उशिराने

केरळातल्या करिपूर-कोंडोट्टीच्या सर्व मंडळींना,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र ऑगस्ट २०२० मध्येच लिहायला हवं होतं. ७ तारखेच्या रात्री टीव्हीवर तुमच्या करिपूर विमानतळावर (कोळिकोडच्या) कोसळून तुटलेलं विमान दिसलं, पाठोपाठ वैमानिकाचं नाव आलं: कॅप्टन दीपक साठे. नागपूरचं घर, खडकवासल्याची एनडीए, हवाई दलातली नोकरी. मग आम्हा मराठी माणसांचा जीव तिकडेच अडकला आणि तुमचं नाव घ्यायचं राहूनच गेलं.

दुबईहून आलेल्या त्या विमानात १९० माणसं होती. धो धो पाऊस. पहिल्या खेपेला उतरणं जमलं नाही, कॅप्टनच्या बाजूचा वायपरही बंद पडला. दुसऱ्या खेपेला उलट्या टोकाकडून, वारा पाठीवर घेऊन विमान उतरलं. चाकं टेकेपर्यंत निम्मी धावपट्टी मागे पडली होती. टेकडीवरची धावपट्टी ती, पुढे उतारच. चौकशी अहवालाने वैमानिकाने नियम न पाळल्यावर बोट ठेवलं. ते वाचताना मला जड गेलं, पण आहे ते आहे.

आवाज ऐकून तुम्ही भर पावसात धावलात. विमान कधी पेट घेईल याचा नेम नव्हता. अँब्युलन्सची वाट न बघता मिळेल त्या गाडीत, रिक्षात जखमींना घातलंत. आईबापांपासून चुकलेल्या लेकरांना कडेवर घेऊन दवाखाना गाठलात, त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून घरच्यांचा शोध घेतलात. रात्री रक्त द्यायला रांगा लावल्यात. २१ जण गेले. पण जे वाचले, त्यांच्यातल्या कितीकांना तुमच्या हातांनी बाहेर काढलं!

आणि दिवस कसले होते! आमच्या सोसायटीत एका घरी कोरोना निघाला, तर आम्ही त्यांची दुधाची पिशवी जिन्यातच ठेवून पळायचो. (त्यातली एक मीच.) तुमच्याकडेही निर्बंध होतेच. तरी परदेशातून आलेल्या, रक्ताने माखलेल्या अनोळखी माणसांना तुम्ही छातीशी धरलंत. मृतांपैकी एकाला लागण झाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, आणि तुम्ही मुकाट्याने विलगीकरणात गेलात. तिथे एका पोलिसाने तुम्हाला ठोकलेला सॅल्यूट मी फोटोत पाहिला होता, आणि पुढच्या बातमीकडे वळले होते.

म्हणून आज हे पत्र. मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.
ठाण्याची एक वाचक