काच ओरखडली म्हणून खडा अस्सल ठरत नाही

संपादक महोदय,

‘खड्याने काच ओरखडली तर तो अस्सल समजावा’ हा आपल्या पुरवणीतील सल्ला घेऊन कोणी जळगावच्या सराफ बाजारात गेले, तर फसण्याचीच शक्यता जास्त. मोह्स यांच्या काठिण्यपट्टीवर (१ सर्वांत मऊ, १० सर्वांत कठीण) खिडकीची काच साधारण साडेपाचला आणि तापी-गिरणेच्या पात्रात फुकट मिळणारी गारगोटी सातला. म्हणजे गारगोटीही या परीक्षेत पास! अमेरिकन डायमंड हा कृत्रिम खडा तर आठच्या पुढे. शिवाय ओरखडताना खड्याच्या पैलूंची धार उडते, ते नुकसान गिऱ्हाइकाचे.

खरा घोळ पुष्कराजात होतो. पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम; माणिक-नीलमच्या जातीचा, म्हणजे कोरंडम या खनिजाचा, काठिण्य ९. त्याच्या नावाने खपवला जाणारा सुनेला ही पिवळी गार, म्हणजे गारगोटीच, काठिण्य ७. काच दोघेही ओरखडतात, पण विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा किती पट जड ते, पुष्कराजाचे ४ आणि सुनेल्याचे २.६५. हा फरक घरीही मोजता येतो, मात्र खडा सुटा हवा, अंगठीत बसवलेला नको.

०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा, खडा बारीक नायलॉनच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा आणि अधांतरी धरा. आता दिसणाऱ्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा, की विशिष्ट गुरुत्व मिळते. १.२० ग्रॅमच्या खड्याला ०.३० आले तर कोरंडम, ०.४५ च्या आसपास आले तर गार. खडा तळाला टेकला की काटा त्याचे सगळे वजन दाखवतो. बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो आणि पुष्कराज हलका ठरतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की बुडबुडे सुटतात. अर्ध्या ग्रॅमहून लहान खड्यावर या काट्याचा भरवसा धरू नये. मोती, फिरोजा, ओपल पाण्यात घालू नयेत.

काठिण्याचा उपयोग वेगळाच आहे. आपल्याकडच्या धुळीत गारेचे कण असतात, त्यामुळे सातपेक्षा मऊ खडा रोज वापरला की झिलई जाते. काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत मिळणारे अपोफिलाइट हे खनिज दिसायला देखणे, पण काठिण्य जेमतेम पाच. ते कपाटातच शोभते. आणि कठीण म्हणजे न फुटणारा असेही नाही: टोपाझ आठचा असूनही एका पातळीत सहज चिरतो.

कारखान्यात बनवलेल्या कोरंडमचेही विशिष्ट गुरुत्व ४ च भरते. तिथे काट्याचा उपयोग नाही, दहापट भिंगाखाली वक्र रेषा किंवा वायूचे बुडबुडे शोधावे लागतात. तेही नेहमी दिसतीलच असे नाही. म्हणून महाग खड्याला प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे आणि बिलावर ‘नैसर्गिक पिवळा नीलम’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. नुसते ‘टोपाझ’ लिहिले असेल तर ते वेगळेच खनिज आहे, विशिष्ट गुरुत्व ३.५.

— खड्यांची पारख करणारा एक वाचक, जळगाव