ढब्बूची भूल, ढब्बूची लस आणि तुमचं गोल्ड पॅकेज

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा
(आणि वैद्यकीय विभागाचे जे कोणी प्रमुख असतील ते)

विषय : फाईलवर मनाई असताना, न विचारता, भुलेत असलेल्या कुत्र्याला लस टोचल्याबाबत

मघाशी तुमच्या कॉल सेंटरने माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला. म्हणून आता हे लेखी.

ढब्बू हा पग, वय सहा, वजन नऊ किलो. गोल्ड पॅकेजमध्ये दातांपासून वार्षिक लसीपर्यंत काय काय येतं ते मी तुम्हाला सांगायला नको, विकता तुम्हीच. मला त्यातलं फक्त दातांचं स्केलिंग, म्हणजे भूल देऊन दातांची सफाई, हवं होतं. गेल्या वर्षी तुमच्याच शाखेत नाइन-इन-वन (एकाच इंजेक्शनात अनेक रोगांवरची लस) दिल्यावर तासाभरात ढब्बूच्या पापण्या आणि ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. तुमच्याच डॉक्टरांनी एव्हिल आणि डेक्सा या अॅलर्जीवरच्या औषधांचं इंजेक्शन दिलं आणि फाईलवर लाल शाईने लिहिलं : 'लसीची रिअॅक्शन. एकत्र लसी देऊ नयेत. आधी मालकांना विचारणे.' ते डॉक्टर आता तुमच्याकडे नाहीत. फाईलही नाही, सगळं अॅपवर गेलं. लाल शाई तेवढी अॅपवर चढली नाही.

या वेळी स्केलिंगच्या दिवशी सकाळी काउंटरवर मी हे स्वतः सांगितलं. 'नोट केलंय मॅम' असं उत्तर मिळालं. कुठे नोट केलं, देव जाणे. सही घेतलेल्या संमतिपत्रात भुलेचा उल्लेख आहे, स्केलिंगचा आहे, लसीचा एक शब्द नाही. संध्याकाळी ढब्बूला झोपाळू अवस्थेत माझ्या हातात दिलं, गळ्यात 'आय वॉज ब्रेव्ह टुडे' असं छापलेला रुमाल बांधून. रिक्षात बसते तोच मोबाइलवर मेसेज : 'अभिनंदन! ढब्बूचं वार्षिक लसीकरण पूर्ण झालं.' पुढे फुग्यांचं चित्र. माझ्या कुत्र्याला लस दिली हे मला असं कळलं. घरी येऊन रुमाल सोडला तर खाली मान सुजलेली, डोळे बारीक झालेले. मग उलट्या सुरू झाल्या.

वैद्यकीय प्रमुखांना हे माहीत असणारच, तरी लिहिते, कारण शाखेत कोणाला माहीत असल्याचं दिसलं नाही. पगचं नाक बसकं, टाळू लांब, श्वासनलिका अरुंद. अशा कुत्र्याला भूल देण्याआधी ऑक्सिजन द्यायचा आणि नंतर श्वासासाठी घशात घातलेली नळी तो नीट जागा होईपर्यंत काढायची नाही. ब्रिटनमध्ये सुमारे ९८ हजार कुत्र्यांच्या भुलेचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी कुत्र्यांचे मृत्यू साधारण दोन हजारांत एक होते, म्हणजे भूल ही काही भिण्याची गोष्ट नाही. पण जे कुत्रे दगावले, त्यांतले जवळजवळ निम्मे ऑपरेशन संपल्यानंतर दगावले, आणि त्यातलेही बरेचसे पहिल्या तीन तासांत. नेमक्या त्याच तासांत तुम्ही लस देऊन मोकळे होता. कुत्र्यात लसीची तीव्र रिअॅक्शन आली तर उलटी, जुलाब, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या, कोसळणारं ब्लडप्रेशर. भुलेनेही ब्लडप्रेशर पडतं, भुलेनंतरही उलटी होते. मग टेबलाशी उभ्या असलेल्या डॉक्टरने उपचार कशावर करायचे? आणि अर्धवट शुद्धीतल्या पगला उलटी झाली तर ती फुप्फुसात जायला किती वेळ लागतो?

मी लसविरोधी बाई नाही. रेबीजची लस मी कधी चुकवलेली नाही, चुकवणारही नाही. पुण्याच्या पावसाळ्यात लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) का द्यायची तेही कळतं. पण कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारांवरची, म्हणजे डिस्टेंपर, पार्व्हो आणि अॅडिनोची लस मोठ्या कुत्र्याला तीन वर्षांच्या आत पुन्हा देण्याची गरज नसते, असं लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या (WSAVA) मार्गदर्शक सूचना सांगतात. अमेरिकेत बारा लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासून २००५ साली दाखवून दिलंय की लसीनंतर तीन दिवसांत रिअॅक्शन दहा हजारांत अडतीस-एक कुत्र्यांना येते. कुत्रा जितका लहान आणि एका भेटीत टोचलेल्या लसी जितक्या जास्त, तितका धोका वाढतो. जास्त धोक्याच्या जातींत पगचं नाव आहे. तुमची जाहिरात मात्र 'सगळं एकाच फेरीत'. दिवाळीचा फराळ आहे का हा?

त्या रात्री शाखेचं शटर बंद, इमर्जन्सी नंबर कॉल सेंटरला जोडलेला. आमच्या गल्लीतल्या जुन्या डॉक्टरांनी दवाखाना उघडला म्हणून ढब्बू आहे. त्यांनी विचारलं, भुलेला कोणतं औषध दिलं, किती दिलं, नळी कधी काढली, लस कोणत्या कंपनीची? माझ्याकडे होतं तुमचं बिल आणि रुमाल.

आता आजच्या फोनबद्दल. सुरुवातीला तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, 'मिस्टर ढब्बू लाइनवर आहेत का?' मी म्हटलं, तो कुत्रा आहे. 'ओके मॅम, मग त्यांच्या वतीने तुम्ही बोलू शकता.' ठीक. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, कारण तुमच्याकडे प्रत्येक फोन पहिलाच असतो. मग कीबोर्डचा आवाज, मग संगीत, मग उत्तर : 'मॅम, लस पॅकेजमध्ये कॉम्प्लिमेंटरी होती. कॉम्प्लिमेंटरी सर्व्हिसवर कंप्लेंट रजिस्टर होत नाही.' मी म्हटलं, फुकट दिलं म्हणून विषही चालेल का? त्यावर अत्यंत शांतपणे, 'मॅम, तुम्हाला लस नको असेल तर पुढच्या वर्षी प्लॅटिनम घ्या, त्यात कस्टमाइझ करता येतं.' म्हणजे माझ्या कुत्र्याला लस न टोचण्याचे जादा पैसे! मी डॉक्टरांशी बोलायचं म्हटलं तर 'तशी प्रोसेस नाही' आणि तुमची तक्रार 'समाधानकारकरीत्या निकाली' म्हणून बंद झालीये. कोणाचं समाधान? विचारेपर्यंत फोन ठेवला गेला होता. त्या मुलावर माझा राग नाही. हे वाक्य त्याच्या हातात लिहून देणारा माणूस तुमच्या ऑफिसात एसीत बसलाय.

मला हवंय ते असं. भुलेची संपूर्ण नोंद : औषधं, डोस, वेळा, ऑक्सिजन आणि हृदयाचे ठोके यांचे आकडे, नळी काढल्याची वेळ. ती ठेवलीच नसेल तर तसं लेखी कळवा. लसीचं नाव, बॅच नंबर, आणि ही रिअॅक्शन लस बनवणाऱ्या कंपनीला कळवली की नाही. ढब्बूच्या अॅपवरच्या पानावर ती लाल शाईतली ओळ, पहिल्याच स्क्रीनवर. रात्रीच्या उपचारांचा खर्च आणि पॅकेजचे पैसे परत. फाईलवर मनाई लिहिलेली होती, हे पुन्हा सांगते, तुमच्याच डॉक्टरांच्या अक्षरात. तिचा फोटो सोबत जोडलाय, कारण तो मी तेव्हाच काढून ठेवला होता.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे अर्ज जाईल. दोन्ही अर्ज टाइप करून तयार आहेत. तुमच्याकडे ढब्बू पिल्लू असल्यापासून येतोय, सोसायटीतली निम्मी कुत्री मी तुमच्याकडे पाठवली. त्यांच्या मालकांना हेच पत्र आज रात्री जाणार आहे.

आणि पॅकेजचं ऑटो-रिन्यूअल आजच्या आज बंद करा. प्लॅटिनमचे मेसेजही.

ढब्बूच्या फाईलवर जिचं नाव आहे ती,
कोथरूड, पुणे

सोबत : फाईलच्या पानाचा फोटो, संमतिपत्र, बिल, मेसेजचा स्क्रीनशॉट