पुरात कोण धावून आलं

गणपती पेठ, सांगली

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

परवा माझ्याशी बोलता बोलता तू पार्सल घेऊन आलेल्या पोरावर खेकसलास, "पत्ता वाचता येत नाही का रे?" पत्ता तूच जुना घातला होतास, हेही नंतर तूच सांगितलंस. तेव्हा मी गप्प बसले, कारण रागाच्या भरात सांगितलेलं कानाआड होतं. म्हणून लिहितेय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तू हॉस्टेलवर होतास. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या खेपेला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराएवढंच चढेल, असं पेठेत सगळे धरून चालले होते. बाबांनी आपल्या दुकानाच्या एकाही हमालाला फोन केला नव्हता. कोणत्या तोंडानं करणार? त्यांच्यातल्या दोघांची घरं सूर्यवंशी प्लॉटमध्ये, तिथं तर पाणी सगळ्यात आधी शिरतं. तरी बायकापोरांना शाळेत पोचवून संध्याकाळी चौघं दारात हजर. "वहिनी, माळा मोकळा करा." लाइट गेलेली. मी मोबाइलची बॅटरी धरून वर उभी, आणि खालून पन्नास किलोचं एकेक पोतं पाठीवरून वर येतंय. आधी साखर, मग शाबू, मग डाळी. शेवटच्या खेपेला त्यांच्या पोटऱ्या पाण्यात होत्या.

बाबांनी त्यांचं काय मोठं केलं होतं? हमाली त्याच दिवशी हातावर ठेवली. पोतं फाटलं म्हणून पैसे कापले नाहीत. चहा आपल्याच कपांतून दिला (ही तुझ्या आजीची शिस्त). एवढंच.

शेजारच्या दुकानात मात्र "ए" शिवाय हाक नसायची, आणि हिशेब महिना महिना लटकलेला. पाणी ओसरल्यावर त्यांचं शटर वर गेलं तेव्हा मी तिथंच होते. साखरेची पोती जागेवर होती, पण चपटी. साखर विरघळून गेलेली. मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. पण त्यांच्यावर कुणी सूड उगवला नव्हता. मी नंतर विचारलं, तर त्या चौघांतला एक म्हणाला, "खरं सांगू वहिनी? ते डोक्यातच आले नाहीत." वाईट वागण्याची फेड बहुतेक अशीच होते बघ. लोक शिव्याशाप देत बसत नाहीत, ऐन वेळी त्यांना आपली आठवण होत नाही.

तरी 'करावं तसं भरावं' असं मी सरसकट म्हणणार नाही. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, लेकराबाळांसकट माणसं गेली. त्यांनी कुणाचं काय वाकडं केलं होतं? संकटातल्या माणसाला 'तुझ्या कर्माचं फळ' म्हणण्यासारखं पाप नाही. नदी कुणाची वागणूक बघून चढत नाही. ती चढल्यावर दारात कोण येतं, ते मात्र पुष्कळसं आपल्या वागण्यावर ठरतं.

आता तुझ्याही हाताखाली चार माणसं आलीत. त्यांच्यावर चारचौघांत आवाज चढवू नकोस, चूक असली तर बाजूला घेऊन सांग. तो पार्सलवाला पोरगा पुन्हा आला तर त्याला आधी पाणी विचार आणि माफी माग. त्यात लाज कसली?

रविवारी मामा पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर भडंग पाठवतेय. एक पुडा तुमच्या सोसायटीच्या वॉचमनसाठी वेगळा बांधलाय. तो स्वतः खाली जाऊन दे, आणि त्यांना काका म्हण.

तुझी,
आई