नव्या लायसन्सवाल्यांसाठी दारूची मर्यादा शून्यच हवी

महोदय,

गेली १७ वर्षं मी नेरुळमध्ये मोटार शिकवते. सकाळी सहाला पहिली बॅच, रात्री साडेआठला शेवटची. शिकाऊ गाडीत मी डावीकडे बसते आणि माझ्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. तो कधी दाबावा लागेल याचा अंदाज आता शिकणाऱ्याच्या खांद्यांवरूनच येतो. खांदे आखडले की पाय आपोआप पेडलवर जातो.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे १९ वर्षांचा एक मुलगा शिकून गेला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. पहिल्या दिवशी क्लचवर पाय थरथरत होता. पुलाच्या चढावर गाडी थांबवून, मागे जाऊ न देता पुन्हा उचलायची, हे पंधरा दिवसांत त्याला इतकं छान जमलं की मी इतर मुलांना त्याचं उदाहरण द्यायचे. लायसन्स पोस्टाने घरी आलं त्या दिवशी तो कंदी पेढे घेऊन आला होता.

त्यानंतर चाळीस दिवसही झाले नव्हते. रात्री वाशीहून बेलापूरकडे येताना सारसोळेजवळ पाम बीच रोडवर त्याची गाडी दुभाजकावर चढून विजेच्या खांबावर आदळली. गाडीत त्याचे तीन मित्र होते. मागे बसलेल्या एकाचं मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई घालावी लागली. दुसऱ्या दिवशी त्याला बघायला मी गेले, तेव्हा हा मुलगा वॉर्डाबाहेर बाकावर बसला होता. चष्म्याची एक काच फुटलेली होती आणि तोच चष्मा त्याने घातला होता. "मॅडम, एकच बाटली घेतली होती," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

पोलिसांनी श्वासाची तपासणी केली तोवर दीड तास उलटला होता. आकडा आला २६. कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे तो दारू पिऊन गाडी चालवत नव्हता. गुन्हा नोंदला गेला तो बेदरकारपणे गाडी चालवल्याचा. पोलिसांना मी दोष देत नाही, कायद्यात जे लिहिलंय तेच त्यांनी केलं. माझं म्हणणं कायद्यात काय लिहिलंय त्याबद्दल आहे.

महाराष्ट्रात गाडीचं लायसन्स मिळतं अठराव्या वर्षी. बिअर प्यायला वय लागतं २१ आणि कडक दारूला २५. म्हणजे या १९ वर्षांच्या मुलाला आपल्या राज्यात दारूचा एक थेंबही चालत नाही. पण तोच मुलगा स्टिअरिंगवर बसला की कायदा त्याला ३० ची सवलत देतो. वीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला जेवढी, तेवढीच याला. दुकानात जे त्याला विकत मिळायला नको, त्याची रस्त्यावर मुभा कशी?

'एकच बाटली' म्हणजे किती, तेही सांगते, कारण शिकवताना मुलांना मी हा हिशेब वहीत मांडून दाखवते. ६५० मिलीची बाटली आणि साधी पाच टक्क्यांची बिअर धरली, तर त्यात शुद्ध अल्कोहोल होतं सुमारे २६ ग्रॅम. साठ किलो वजनाच्या मुलाने ती रिकाम्या पोटी भराभर संपवली तर रक्तात ढोबळमानाने साठीच्या आसपास आकडा जातो, मर्यादेच्या दुप्पट. आठ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर शंभराच्या जवळ. यकृत तासाला साधारण १० ते १५ इतकंच कमी करतं. दीड तासाने २६ असेल, तर खांबावर आदळताना तो बहुधा चाळिशीच्या पुढे होता. कागदावर मात्र २६ राहिले.

आणि समजा तो खरंच २६ वर होता. तरी चाळीस दिवसांच्या ड्रायव्हरचे २६ आणि माझे २६ सारखे नसतात, हे मी रोज शेजारी बसून बघते. मुरलेला माणूस बोलता बोलता गिअर टाकतो, त्याला गिअर आठवावा लागत नाही. नव्याचं सगळं डोकं त्यातच गुंतलेलं असतं: आरसा, इंडिकेटर, क्लच, मग गिअर. तेवढ्यात डावीकडून रिक्षा आत घुसली की या चारातलं काहीतरी एक सुटतंच. शुद्धीत असतानाही सुटतं, म्हणून तर माझ्या पायाशी ब्रेक आहे. दारू आधी काढून घेते ती हीच, दोन-तीन गोष्टींवर एकदम लक्ष ठेवायची ताकद. वर उसनं धाडस देते. त्यात मागे तीन मित्र, पाऊस थांबलेला, पाम बीचसारखा सरळ, मोकळा रस्ता आणि एका बाजूला खाडीचा काळोख. तिथे वेग किती झाला हे नव्या ड्रायव्हरला काट्याकडे पाहिल्याशिवाय कळतच नाही.

रात्रीचंच कशाला, सकाळचंही सांगते. एक विद्यार्थी रविवारी साडेसहाच्या बॅचला आला. तोंडात मिंटची गोळी, कपडे इस्त्रीचे. सीवूड्सच्या आतल्या रस्त्यावर गाडी सारखी डावीकडे ओढत होता. समोर दुधाच्या क्रेट बांधलेली स्कूटर होती, ती मला दिसली, त्याला दिसली नाही. ब्रेक मी दाबला. स्कूटर आणि आमच्या बंपरमध्ये हातभर अंतर उरलं. दूधवाल्याने वळून पाहिलं आणि तो निघून गेला. मी किल्ली काढून घेतली, आम्ही टपरीवर चहा प्यायलो. "मॅडम, ते रात्रीचं होतं. झोप झाली ना माझी," तो म्हणाला. दोन वाजता पिणं थांबलं आणि तेव्हा रक्तात ९० असतील, तर ते शून्यावर यायला सकाळचे आठ ते अकरा वाजतात. झोपेने, लिंबूपाण्याने, कॉफीने, गार पाण्याच्या आंघोळीने यातलं एक मिनिटही कमी होत नाही. त्या मुलाला हे आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. घरी नाही, कॉलेजात नाही आणि लायसन्सच्या परीक्षेसाठीही नाही.

इतर देशांनी नव्या ड्रायव्हरचा वेगळा विचार केला आहे. जर्मनीत मोठ्यांना ५० पर्यंत चालतं, पण २१ वर्षांखालच्यांना आणि लायसन्सची पहिली दोन वर्षं सगळ्यांनाच शून्य, तेही २००७ पासून. आयर्लंडमध्ये इतरांना ५०, शिकाऊ आणि नव्यांना २०. ऑस्ट्रेलियात नव्या ड्रायव्हरच्या गाडीवर काही वर्षं 'पी' ची पाटी असते आणि त्या काळात मर्यादा शून्य. आपल्याकडे लाल 'एल' निघाला की माणूस एकदम पुरा ड्रायव्हर. शिकाऊ लायसन्सला ३० दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते आणि एकोणिसाव्या वर्षी मिळालेलं लायसन्स चाळिशीपर्यंत चालतं. मधे एकही पायरी नाही.

१९ मे २०२४ ला पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनीअर गेले, तेव्हा त्याला जामिनासाठी घातलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवरून आपण सगळे पेटून उठलो होतो. तो राग रास्तच होता. पण ती सगळी चर्चा अल्पवयीनांपाशी थांबली. अठरा पूर्ण झालेला, खिशात कोरं लायसन्स असलेला मुलगा त्यात कुठेच आला नाही, आणि माझ्याकडे येतात ती हीच मुलं.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. २१ वर्षांखालच्या प्रत्येकाला आणि कोणत्याही वयात लायसन्स मिळाल्यापासून पहिली दोन वर्षं मर्यादा शून्य करा. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे, पण हा विषय समवर्ती सूचीतला आहे. राज्याने पुढाकार घ्यायचा ठरवला तर वाट आहे. ठाण्याच्या आणि नवी मुंबईच्या आमदार-खासदारांनी हा प्रश्न सभागृहात मांडावा. दुसरं, ३१ डिसेंबरला आणि गटारीला नाकाबंदी लागते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्या रात्री मुलं बरोबर रिक्षा करतात. घोडबंदर रोड, येऊरचा पायथा, पाम बीच इथे एखाद्या साध्या शुक्रवारी रात्री आणि रविवारी सकाळी सातलाही तपासणी व्हायला हवी. कलम १८५ चा पहिल्या वेळचा दंड दहा हजार रुपये आहे, सहा महिन्यांपर्यंत कैदही आहे, पण यंत्र समोर आलंच नाही तर त्याची भीती कोणाला वाटणार?

आईवडिलांशीही बोलायचं आहे. मुलाला गाडीची किल्ली देताना "पिऊ नकोस" एवढं सांगून भागत नाही. प्यायलास तर फोन कर, ओरडा उद्या खाशील, आज आम्ही न्यायला येतो, हेही त्याला माहीत असायला हवं. बापाच्या भीतीने गाडी घरी आणण्याची धडपड करणारी मुलं मी पाहिली आहेत. तो पाम बीचचा मुलगाही बारा वाजायच्या आत घरी पोचायच्या घाईतच होता.

आता शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मी प्रत्येकाच्या फोनमध्ये माझा नंबर स्वतः टाकून देते आणि सांगते, घरी सांगायची हिंमत नसेल तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. आतापर्यंत दोघांनी केला. एकदा वाशीच्या सेक्टर १७ मधून पावणेदोनला, एकदा बेलापूरहून. दोन्ही वेळा माझे मिस्टर गाडी घेऊन सोबत आले. मुलांना घराच्या गेटपर्यंत सोडलं, त्यांच्या गाड्या रात्रभर तिथेच राहिल्या.

आपली,
एक मोटार प्रशिक्षिका,
नेरुळ, नवी मुंबई