तळ्यावर आलेल्या अनोळखी हातांना

गेल्या दोन रविवारी आमच्या गावच्या तळ्यातली जलपर्णी काढायला कमरेएवढ्या पाण्यात उतरलेल्या सगळ्यांचे आभार. नावं विचारायची राहिलीच, म्हणून इथं लिहितोय.

खानापूरकडून ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन आलेले दोघे भाऊ, तुमच्यामुळं मधली जलपर्णी काठाला लागली. ‘निधान, निधान’ (कानडीत ‘हळूहळू’) म्हणत दोर ओढणारे अज्जा (आजोबा), तुम्ही एक झुडूप उलटं धरून त्याची काळी, केसाळ मुळं दाखवलीत. त्यात गोगलगाई वळवळत होत्या. तुम्ही सांगितलंत तसा ढीग काठावर ठेवला नाही, कुजलं की सगळं परत पाण्यातच उतरतं. लांब खड्ड्यात शेणाबरोबर टाकलाय.

ही बया मूळची दक्षिण अमेरिकेची. ऊन आणि घाण पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, बी चिखलात १५-२० वर्षंही तग धरतं. म्हणजे परत उगवणारच. गटारीचं पाणी तळ्यात सोडून तिला आपणच पोसतोय, असं म्हटलं की गावात काहींना राग येतो. येऊ दे.

आणि पोहे आणलेल्या मावशी, तुमचा स्टीलचा डबा आमच्याकडं राहिलाय. न्यायला या, चहा घेऊनच जा.